इथली खिडकी, तिथली खिडकी

ठकठकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेडिओवर श्रुतिका होत असत त्या काळात त्यातले सगळे आवाज काढणारा माणूस म्हणजे हे. नायक घोड्यावरून यायचा तेव्हा हे करवंट्या आपटत असायचे, खलनायकाच्या पोटात सुरा घुसायचा तेव्हा हे कोबी चिरत असायचे, आणि पाहुणा दार वाजवायचा तेव्हा हे एका फळीवर बोटाच्या पेराने ठकठक करायचे. स्टेशनच्या साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना ठकठकराव म्हणू लागले. लग्न झाल्यावर सासुरवाडीनंही तेच उचललं आणि मग खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

रिटायर झाले तेव्हा रेडिओने त्यांना एक घड्याळ दिलं आणि त्यांनी आपल्या आवाजांच्या टेपा मागून घेतल्या. घड्याळ कुठे आहे ते आज कुणालाही ठाऊक नाही. टेपा मात्र त्यांनी तान्ह्या पोरासारख्या सांभाळल्या. पण टेपा म्हाताऱ्या झाल्या होत्या. मशीनवर चढवली की टेप शेवटचं एकदा वाजायची आणि मागे तपकिरी भुकटी ठेवून जायची. तेव्हा एकेक टेप वाजवताना ठकठकरावांनी तो आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतला आणि रिकामी रिळं भंगारात दिली. आता सगळे आवाज टेबलाखालच्या एका करड्या डब्यात होते आणि फक्त तिथेच होते. "बाबा, अजून एक कॉपी काढून ठेवू या," असं सून म्हणाली होती. तेव्हा "मूळ एकच असतं, दोन झाली की दोन्हींवरचा विश्वास उडतो," असं सांगून त्यांनी तिला उडवून लावलं. असली वाक्यं ठकठकरावांकडे पुष्कळ होती. कामाला त्यातलं एकही येत नसे.

मग दुसऱ्या एका शहरातल्या आवाजांच्या संग्रहालयाने हे सगळं मागितलं. संग्रहालयाच्या बाईंनी फोन करून सांगितलं की आमच्या सर्व्हरवर पाठवा, आम्ही कायमचं जपून ठेवू, ज्याला ऐकायचं त्याला ऐकता येईल. ठकठकराव हरखून गेले. त्या दिवशी त्यांनी बायकोला चार वेळा विचारलं, "कायमचं म्हणाल्या ना त्या?" फोन स्पीकरवर होता, तिनेही ऐकलं होतं. "कायमचंच म्हणाल्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना 'कोण बोलतंय' असं तीनदा विचारलंत."

त्याचं असं होतं की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलू लागले होते. निदान ठकठकरावांचं तसं म्हणणं होतं. टीव्हीवरचे बातमी देणारे पुटपुटायचे, बायको स्वयंपाकघरातून अर्धंच वाक्य बोलायची, घराची बेल कधी वाजायची आणि कधी वाजायची नाही. बेल बदलायला हवी, असं ते सगळ्यांना सांगत. बेल बदलली. नवी बेलही तशीच निघाली. कानाच्या डॉक्टरचा विषय मुलाने एकदा काढला होता, तेव्हा "ज्याच्या कानावर रेडिओ चालला त्याला तू कान तपासायला पाठवतोस?" असं म्हणून ते जेवणावरून उठले. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. पण आपले आवाज लवकरात लवकर कुठेतरी पक्क्या जागी पोचले पाहिजेत, याची घाई त्यांना लागली होती. ती का लागली होती हे ते स्वतःशीही बोलत नसत.

आवाज फार होते आणि मोठे होते. संग्रहालयाच्या वेबसाइटवरून पाठवायला गेलं की ती निम्म्यात मान टाकायची. म्हणून सुनेनं काळ्या खिडकीचा मार्ग काढला. सून दुसऱ्या गावी असते आणि दिवसभर तिचं कामच ते. लांबलांबची मशीनं ती घरी बसून हाकते. ती सुट्टीला आली तेव्हा तिने ठकठकरावांच्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघडून दिल्या.

"ही खिडकी इथली," ती म्हणाली. "हिच्यात जे लिहाल ते आपल्या ह्या मशीनवर होतं. आणि ही तिथली. हिच्यात लिहाल ते संग्रहालयाच्या मशीनवर होतं."

"पण दोन्ही इथेच दिसतायत."

"दिसतात इथे. पण दुसरी तिथे आहे."

"म्हणजे मी इथे बसून तिथे आहे?"

"बरोब्बर."

"आणि पहिल्या खिडकीत मी इथे बसून इथेच आहे."

"हो बाबा."

ठकठकरावांनी मान डोलावली. कळलेलं काही नव्हतं. पण उभ्या आयुष्यात त्यांनी बंद खोलीत बसून जंगल, समुद्र आणि रणांगण केलं होतं. एका जागी बसून दुसरीकडे असणं हे त्यांना अगदीच परकं नव्हतं.

पासवर्ड टाकताना पहिला घोळ झाला. ते अक्षरं दाबत होते आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला.

"ते दिसत नाही, पण जातं," सून म्हणाली.

"दिसत नाही तर गेलं हे कळायचं कसं?"

"गेलं की पुढचं दार उघडतं. त्यावरून समजायचं."

मग फाइली पाठवायचा हुकूम लिहिताना एस, सी, पी झालं की ती म्हणायची, "आता एक जागा सोडा." तेव्हा ठकठकराव हात वर घेऊन क्षणभर थांबायचे आणि पुढचं अक्षर चिकटवूनच दाबायचे. त्यांच्या धंद्यात जागा सोडणं म्हणजे थांबणं. सुनेला हे कळायला बराच वेळ लागला आणि मग ती हसत सुटली. पुढे असंही लक्षात आलं की खिडकीत आधीपासून जी अक्षरं असतात, आपण कोण आणि कुठल्या मशीनवर ते सांगणारी, ती सासरेबुवा हुकमाबरोबर स्वतःही पुन्हा लिहितायत. म्हणून तिने ती अक्षरं काढून टाकली आणि दोन्ही खिडक्यांत नुसता एक बाण ठेवला. तिथल्या खिडकीला तिने निळा रंग दिला होता. निळ्यावर वाचता येत नाही म्हणून ती परत गेल्यावर ठकठकरावांनी मुलाला फोन करून तोही काळा करायला शिकून घेतलं. अशा रीतीने दोन्ही खिडक्या जुळ्या बहिणी झाल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आवाज निघाले. एकेका नावापुढे टक्के चढत होते आणि शंभर झाले की पुढचं नाव. ठकठकराव चहा घेऊन समोर बसले होते आणि आपलं दार, आपला घोडा, आपला झरा एकेक करून जाताना बघत होते. त्यांना लेक सासरी पाठवल्यासारखं झालं. मग निम्म्या वाटेत नेट गेलं.

संग्रहालयाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी कळवलं की जे आलंय त्यातलं शेवटचं तुटलेलं दिसतंय, अर्धवटावर भरवसा नको, तेव्हा आमच्या इथलं पुसून पुन्हा सगळं पाठवता का? ठकठकरावांनी सुनेला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती.

"बाबा, संध्याकाळी करू आपण."

"अगं, त्यात काय आहे? तिथलं पुसायचं आणि इथून पाठवायचं. पुसायचा हुकूम तेवढा सांग."

तिने सांगितला. आर, एम, मग जागा, उणेची खूण, आर, पुन्हा जागा आणि फोल्डरचं नाव. "पण तिथल्या खिडकीत हं. आधी कुठली कोणती ते नक्की करा."

"दोन्ही सारख्याच दिसतायत."

"रंग निळा होता ना एकीचा?"

"होता. गेला."

सुनेने फोनवर श्वास सोडला. "बरं, असं करा. वाजवायचा हुकूम दिलाय ना मी? त्याने कुठलाही एक आवाज वाजवा. इथल्या खिडकीतून वाजवलात तर आपल्या स्पीकरमधून ऐकू येईल. तिथल्या खिडकीतून वाजवलात तर काही ऐकू येणार नाही, ते मशीन शंभर कोसांवर आहे. जिथून ऐकू येणार नाही ती तिथली."

हे ठकठकरावांना फार पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. "कानाने ओळखायचं म्हणजे माझ्या हातचा मळ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कुठला आवाज वाजवायचा यावर त्यांनी विचार करण्याची गरजच नव्हती. त्यांचा लाडका होता रातकिडा. श्रुतिकेत रात्र झाली की हा हवाच. तो मिळवण्यासाठी तरुणपणी ते मायक्रोफोन घेऊन गवतात पालथे पडून राहिले होते, तापाने फणफणले होते, आणि असा स्वच्छ रातकिडा दुसऱ्या कुठल्या स्टेशनकडे नव्हता. हा एकटा वाजला की घरबसल्या माणसाला अंधार दिसायचा, असं साहेब म्हणत. ठकठकरावांनी समोरच्या खिडकीत वाजवायचा हुकूम दिला, पुढे रातकिड्याचं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं.

ते कान देऊन बसले. पंख्याची घरघर होती. खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला. दुसरं काहीही नव्हतं.

त्यांनी स्पीकरचं बटण थोडं वर केलं. काही नाही. अजून थोडं वर केलं आणि कान स्पीकरला लावला. काहीच नाही. खात्री म्हणून त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाजवलं. शंभर कोसांवर कुठल्याशा बंद खोलीत आपला रातकिडा गात असेल आणि ऐकायला तिथे कुणी नसेल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि उगीच वाईट वाटलं.

एवढ्यात स्वयंपाकघरात धडाधड काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. बायको झाडूने कपाटाखाली ठोकत होती. "अगं, जरा शांतता!" ठकठकराव ओरडले. "मी महत्त्वाचं ऐकतोय."

ती काहीतरी म्हणाली. नेहमीप्रमाणे तोंडातल्या तोंडात.

ऐकू आलं नाही, म्हणजे ही तिथली. इतकं सरळ. ठकठकरावांनी पुसायचा हुकूम एकेक अक्षर तपासत लिहिला, जागा दोन्ही नीट सोडल्या आणि एंटर दाबलं. नको त्या वेळी हजार प्रश्न विचारणाऱ्या मशीनने ह्या वेळी हो की नाही एवढंसुद्धा विचारलं नाही. बाण पुन्हा आला आणि लुकलुकत उभा राहिला. इतक्या वर्षांचं काहीतरी पुसलं जाताना चक्क काहीही आवाज होत नाही, ही गोष्ट त्यांना धंद्याच्या दृष्टीने चुकीची वाटली.

मग ते दुसऱ्या खिडकीकडे वळले. पाठवण्याआधी आपला माल एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून त्यांनी यादी मागवली. यादी आली. पण ती दारापासून सुरू होऊन मधेच संपली. घोडा होता, झरा होता, कुलूप होतं, आणि मग पुढे काही नाही. पावलं नाहीत. पाऊस नाही. सायकल, शिट्टी, वारा, काही नाही.

ठकठकरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इथे अर्धेच कसे? मग त्यांना वाटलं की बरोबर आहे, पाठवलं म्हणजे गेलं. निम्मे गेले, निम्मे राहिले. पण मग जे गेले त्यांचीच नावं इथे कशी? आणि जे गेलेच नव्हते ते गेले कुठे? त्यांनी पहिल्या खिडकीत यादी मागवली. ती म्हणाली, असं फोल्डरच नाही. दुसरीत मागवली. पुन्हा अर्धे. जे गेले होते ते घरीच होते, आणि जे घरी होते ते गेले होते. त्यांनी बोटांवर मांडून पाहिलं, डाव्या हाताला इथलं म्हटलं, उजव्याला तिथलं म्हटलं, हात अदलाबदल करून पाहिले. हिशेब काही जुळेना. डोकं नुसतं भणाणून गेलं. आपण नक्की कुठल्या बाजूला बसलोय हेच त्यांना कळेनासं झालं.

त्यांनी सुनेला पुन्हा फोन लावला. ती मीटिंगमधून उठून आली, हे तिच्या दबक्या बोलण्यावरून कळत होतं. ठकठकरावांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मोठ्याने बोल. हे बघ, मी तिथलं पुसलं, आणि इथलं अर्धं गेलं."

"असं होणार नाही, बाबा. तुम्ही कुठल्या खिडकीत पुसलंत?"

"तिथल्या."

"तिथली कशावरून?"

"तू सांगितलंस तसं केलं. आवाज वाजवून पाहिला. एकदा सोडून दोनदा. काही ऐकू आलं नाही."

"अगदी काहीच नाही?"

"अगं, आता काय कागदावर लिहून देऊ? माझ्या कानांवर तरी विश्वास ठेव."

"ठेवते ना. मग दुसऱ्या खिडकीत सगळं असायला हवं. अर्धंच कसं..." ती स्वतःशीच काहीतरी जुळवत होती. तीही गोंधळली होती, आणि ते ऐकून ठकठकरावांना भीती वाटली. ज्याला रस्ता माहीत आहे तोच चौकात उभा राहून डोकं खाजवायला लागला की मागच्यांनी काय करायचं?

तेवढ्यात त्यांची बायको खोलीत आली. हातात झाडू, केसांत कपाटाखालची जळमटं. घामाघूम झाली होती.

"सापडला नाही मेला," ती म्हणाली. "सगळं कपाट हलवलं. आता गप्प बसलाय."

"काय सापडलं नाही, आई?" फोनमधून सुनेने विचारलं.

"अगं, रातकिडा शिरलाय घरात. भर दुपारचा किर्र किर्र करत होता, कान किटले. मग जरा थांबला, मग पुन्हा सुरू. आणि हे इथे शेजारी बसून म्हणतात, शांतता पाहिजे."

ठकठकरावांनी बायकोकडे पाहिलं, मग स्पीकरकडे पाहिलं. मघाशी त्यांनी बटण पार वरपर्यंत फिरवलं होतं. ते अजून तिथेच होतं.

"दोनदा?" त्यांनी विचारलं.

"काय दोनदा?"

"दोनदा ओरडला?"

"हो, दोनदा. पण तुम्हाला कसं..." आणि मग तिच्या लक्षात आलं. पुसणं, पाठवणं, खिडक्या ह्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. बेल, टीव्ही, स्वयंपाकघरातली अर्धी वाक्यं, सगळं तिला केव्हाचं ठाऊक होतं आणि ती गप्प राहिली होती. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

ठकठकरावांना प्रथम फाइलींचं काहीच वाटलं नाही. त्यांना वाटलं ते एवढंच, की गवतात ज्याच्यासाठी पालथा पडलो तो माझ्या शेजारी बसून ओरडत होता आणि मला कळलं नाही. केव्हापासून? गेल्या वर्षीही ऐकू येत नव्हता का? त्याच्याआधी? गच्चीवर बसतो तेव्हा रात्री किती शांत झाल्यात असं आपण बायकोला म्हणायचो. ती काही बोलायची नाही. त्यांना इतकी लाज वाटली की हाताखालचा माउससुद्धा त्यांना बघवेना.

"बाबा," सून म्हणाली, आणि आता ती अजिबात दबकत नव्हती, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "नीट ऐका. कशालाही हात लावू नका. मशीनचा प्लग काढा. आत्ता. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मग जातं. मी येते."

प्लग बायकोने काढला.

सून आली आणि करड्या डब्यातली डिस्क काढून आपल्या मशीनला जोडून बसली. तिने काय केलं ते सांगण्याच्या भानगडीत आपण पडू नये, कारण ठकठकरावांनी तिला विचारलं आणि तिने सांगितलं तरी त्यांच्या हाती फार काही लागलं नाही. मुख्य काय ते तिने शेवटी सांगितलं. आवाज बहुतेक परत मिळालेत. एकदोन मोडलेत. पण नावं गेली.

"नावं गेली म्हणजे?"

"फाइली आहेत, पण कुठली कशाची ते कळत नाही. नुसते आकडे आहेत त्यांच्यावर. जे आधी तिथे पोचले होते त्यांची नावं आहेत. बाकीच्यांची तुम्हाला ऐकून सांगावी लागतील."

ठकठकरावांनी त्या आकड्यांच्या यादीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "मला." आणि हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

तिघं टेबलाशी बसली. सून वाजवत होती आणि सांगतील ती नावं टाकत होती. पहिले काही आवाज त्यांनी असे ओळखले की सुनेने कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. "ही सायकल, उतारावरची. ब्रेक लागायच्या आधीची. हा वारा दाराच्या फटीतला, पत्र्याचा वेगळा येईल. थांब, हे पाऊल. नायिका जिना उतरते." मग त्यांनी बायकोकडे बोट केलं. "ही उतरली होती. त्या नटीला जिना उतरता येत नव्हता, बदकासारखी चालायची. हिला स्टुडिओत बोलावून घेतली."

"आणि चपला तुमच्या आईच्या होत्या," बायको म्हणाली. "मला मोठ्या होत्या, म्हणून तो मागचा फटक फटक येतोय बघा."

ठकठकरावांची भीड जरा मोडली. जाड आवाज अजून त्यांचे होते. पुढची फाइल लागली. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि ऐकलं. मग आत्मविश्वासाने म्हणाले, "ही शांतता. रिकाम्या खोलीची. दोन वाक्यांच्या मधे टाकायला शांतता लागते, नुसती कापली तर ऐकणाऱ्याला रेडिओ बंद पडल्यासारखा वाटतो. मी चांगली रेकॉर्ड करून ठेवली होती."

सुनेचा हात कीबोर्डवर थांबला. तिने सासूकडे पाहिलं. बायकोने ठकठकरावांच्या मनगटावर हात ठेवला, म्हणून त्यांनी डोळे उघडले.

"अहो, हा रातकिडा आहे," ती म्हणाली.

त्यांनी पडद्यावर बघितलं. आवाजाची रेघ वरखाली थरथरत होती. म्हणजे वाजत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "चांगला आलाय का?" त्यांनी विचारलं.

"चांगला आलाय. घर भरून टाकलंय मेल्याने."

"मधेच एक दुसरा साथ देतो, लांबून. तो आहे?"

ती वाकून ऐकत राहिली. "आहे. आत्ता दिला."

सुनेने नाव टाकलं. पुढची फाइल लागली आणि ह्या वेळी ठकठकराव काही बोलले नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"काय आहे?"

"काही नाही."

"घाई करू नको. नीट ऐक. अगदी बारीकसंही नाही?"

तिने पंखा बंद करायला लावला आणि पुन्हा ऐकलं. "काहीच नाही हो."

"मग ही शांतता," ठकठकराव म्हणाले. त्यांना दोन्ही फाइली अगदी सारख्याच ऐकू आल्या होत्या.

नावं टाकून व्हायला दुपार सरली. सुनेने सगळं एका नव्या डिस्कवरही उतरवून ठेवलं आणि ह्या वेळी मूळ एकच असतं वगैरे कुणी काढलं नाही. मुलाने फोनवर पुन्हा एकदा चाचरत डॉक्टरचं नाव घेतलं, तेव्हा ठकठकराव म्हणाले, "जाऊ. आधी हे पाठवू दे." मग सून काळ्या खिडक्यांना पुन्हा रंग द्यायला निघाली, एकीला निळा. त्यांनी तिला थांबवलं.

"राहू दे. मला ओळखता येते."

ते खुर्ची ओढून बसले. समोरच्या खिडकीत त्यांनी वाजवायचा हुकूम दिला, रातकिड्याचं नाव लिहिलं, जागा मोजून सोडल्या आणि एंटर दाबलं. मग पडद्याकडे न बघता मागे वळून बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

ती क्षणभर ऐकत होती. मग म्हणाली, "ओरडतोय."

"म्हणजे ही इथली," ठकठकराव म्हणाले आणि त्यांनी पाठवायचा हुकूम लिहायला घेतला.